आठवड्याच्या पगारात महिना कसा काढायचा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ज्याचं अंथरूणच गुडघ्यापर्यंत येतं, त्याने पाय किती आखडायचे? बचतीचे सल्ले वाचले की हॉटेलात जाणं कमी करा, कपडे विचार करून घ्या, असं काहीबाही सापडतं. ज्या घरात हॉटेल नाही आणि कपडे फक्त दिवाळीला, त्या घराने यातून काय घ्यायचं? हे लिखाण तशा घरांसाठी आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. मालक टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, पगार आठवड्याला. मी घरी गणवेशांना काज-बटण करते. चांगल्या महिन्यात दोघांचे मिळून साडेअकरा हजार होतात. सूत महागलं, माल उचलला गेला नाही, की आठ हजारांवर येतं. आमच्या बचत गटाचं दप्तर गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे माझ्या घराबरोबर आणखी बारा घरांचे हिशेब जवळून पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपण उधळे म्हणून पैसे पुरत नाहीत असं नसतं. आपण थोडं-थोडं, उधारीवर आणि वेळ टळल्यावर घेतो, म्हणून तीच वस्तू आपल्याला जास्त भावाने पडते. पोटाला चिमटा काढण्याआधी हा जास्तीचा भाव थांबवायचा, आणि त्यासाठी घर एक आठवडा पुढे न्यायचं. म्हणजे या आठवड्याचा पगार येईल तेव्हा या आठवड्याचं सामान घरात आधीच असलं पाहिजे. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी तीस दिवस फक्त लिहा

मुलाची अर्धी उरलेली वही घ्या. चार रकाने आखा: तारीख, काय घेतलं, किती रुपये, रोख की उधार. पहिल्या महिन्यात काहीही बंद करू नका. चहा बंद नाही, मुलांचा खाऊ बंद नाही, मालकांच्या तंबाखूवरून भांडण नाही. त्यांचा खर्च त्यांना स्वतःला लिहू द्या. दुसऱ्याने लिहिलेला आकडा टोचतो, स्वतः लिहिलेला पटतो, हे मी गटातल्या घराघरांत पाहिलं आहे.

महिना संपला की लाल पेन घ्या आणि फक्त एका प्रकारचा खर्च अधोरेखित करा: जो केवळ हातात वेळेवर पैसे नव्हते म्हणून झाला. माझ्या पहिल्या वहीत तो असा निघाला. सावकाराकडून घेतलेल्या दहा हजारांवर महिन्याला शेकडा पाचने व्याज, ५०० रुपये. वाण्याच्या खात्यावर घेतलेलं सामान आणि रोखीचा भाव यांतला फरक, ३८० रुपये. खात्यात शिल्लक नव्हती म्हणून हप्ता परत गेला, त्याचा दंड १७७ रुपये. शेवटची बस चुकली म्हणून रिक्षा ६०, आणि वीजबिलाला उशीर झाला म्हणून २३. बेरीज ११४० रुपये. साडेअकरा हजारांत ११४० म्हणजे दहा टक्के, आणि त्यात घासभर अन्नसुद्धा घरात आलं नव्हतं. त्या रात्री मी ती बेरीज तीनदा केली.

तुमचा आकडा वेगळा येईल. पण तो समोर आल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका.

जे हक्काचं आहे ते पूर्ण घ्या

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं मोफतच राहील असा केंद्राचा निर्णय आहे. आमच्या पाच जणांचं २५ किलो होतं. पण पाच जणांची नावं कार्डावर यायला दोन वर्षं गेली, कारण धाकट्याचं नाव लावायचं राहून गेलं होतं. दोन वर्षं महिन्याला ५ किलो म्हणजे १२० किलो धान्य आम्ही स्वतःहून सोडलं. म्हणून आज कार्ड काढा आणि नावं मोजा. नवी सून, नवं बाळ, दोघांची नावं लावून घ्या, आणि प्रत्येकाचं आधार पडताळणीचं काम पूर्ण करा. ते अपुरं असेल तर त्या माणसाचं धान्य थांबू शकतं.

दुकानात अंगठा लावल्यावर यंत्रातून पावती निघते. ती मागून घ्यायची, तिच्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळतात का ते तिथेच पाहायचं. जुळत नसतील तर आवाज न चढवता विचारायचं. तरी ऐकलं नाही तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कामासाठी पुण्याला किंवा भिवंडीला गेलेल्या माणसाला तिथल्या दुकानातूनही आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, उरलेलं घरचे इकडे घेतात. गटातल्या दोघींना हे माहीतच नव्हतं. त्यांचे नवरे पुण्यात ४० रुपये किलोने तांदूळ विकत घेत होते.

घरात गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालचं मूल असेल तर अंगणवाडीत नाव लागलंच पाहिजे. तिथला आहार कमी दर्जाचा समजून बायका सोडून देतात, ते मला पटत नाही. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, त्याची नोंदही अंगणवाडी ताई किंवा आशा ताई करून देतात. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये जुलै २०२४ पासून मिळू लागले. मिळत असतील तर ते रोजच्या खर्चात मिसळू देऊ नका. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

एक प्लास्टिकची फाइल करा. त्यात रेशन कार्ड, सगळ्यांचे आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखले आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. ऐन वेळी कागद शोधण्यात एक रोज बुडतो, आणि बुडालेला रोज हाच आपल्याकडचा सगळ्यात मोठा खर्च.

एक आठवडा पुढे कसं जायचं

एकदम महिन्याचा किराणा भरायला पैसे नसतात, ते कुठून आणणार? म्हणून एका वेळी एकच जिन्नस.

पहिल्या आठवड्यात फक्त चहापूड. आम्ही रोज दहा रुपयांची पुडी आणत होतो. पुडीवरचं वजन वाचलं तर २५ ग्रॅम, म्हणजे किलोला ४०० रुपये. तीच चव असलेली सुटी चहापूड पावकिलो ८० रुपयांना, म्हणजे किलोला ३२०. पावकिलो एकदम घेतली, डब्यात भरली, आणि रोजच्या पुडीचे दहा रुपये डब्याखाली ठेवत गेले. दहा दिवसांनी चहापूड संपली तेव्हा पुढची घ्यायला ८० रुपये डब्याखालीच होते आणि वर वीस उरले होते. मग साखर. मग तेल, डाळ, साबण. प्रत्येक जिन्नस एकदा पुढे गेला की तो स्वतःच्या पैशावर चालतो. लाडकी बहिणीचे पैसे, एखादा ओव्हरटाइम, रेशनमुळे वाचलेले पैसे, जे काही वरचं येईल ते या कामालाच लावायचं. आम्हाला पूर्ण आठवडा पुढे जायला पाच महिने लागले. गटातल्या एका ताईंना एक वर्ष लागलं, त्यांचे यजमान मधे आजारी होते.

प्रत्येक वस्तूचा भाव किलोवर किंवा लिटरवर आणून पाहायची सवय लावा. रुपये भागिले ग्रॅम, मग गुणिले हजार, मोबाइलमध्ये होतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, शिवाय हात सैल सुटत नाही, म्हणून शाम्पू आम्ही पुडीतच आणतो. तेलात फार फसगत होते. लिटरभर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण दिसायला तेवढीच पिशवी आठशे-साडेआठशे ग्रॅमचीही असते. ‘दहा रुपये स्वस्त’ म्हणून आपण ती उचलतो, आणि महिन्याच्या पंचविशीला तेल संपतं. पिशवीच्या मागचे बारीक आकडे चष्मा लावून वाचावेत.

वाण्याचं काय करायचं? त्याच्याशी वैर नको. पाच वर्षं त्याने आपल्याला सांभाळलेलं असतं आणि अडचणीत पुन्हा त्याच्याच दारात जावं लागेल. मी त्यांना सांगितलं, “काका, जुनी बाकी दर शनिवारी शंभर रुपयांनी फेडते. नवं मात्र रोखीने घेणार, तेव्हा भाव रोखीचा लावा.” ते आधी गप्प बसले. तीन शनिवार शंभर-शंभर पोचल्यावर त्यांनीच साखरेला दोन रुपये कमी केले. बाकी लिहिलेली वही दोघांकडे हवी. प्रत्येक शंभरावर त्यांची सही घ्यायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चूल

खाण्यात काटकसर करायची ती भावात करायची, ताटात नाही. मूल अशक्त झालं की दवाखाना सगळी बचत खाऊन टाकतो.

आमच्याकडे ज्वारी. रब्बीची ज्वारी निघते तेव्हा, फेब्रुवारी-मार्चच्या पुढे, मंगळवेढ्याकडची मालदांडी बाजारात भरपूर येते आणि वर्षातला बरा भाव तेव्हा असतो. एकटीने कट्टा घेणं झेपत नाही, म्हणून गटातल्या पाच जणी मिळून ५० किलोचा कट्टा घेतो आणि वाटून घेतो. कडक उन्हात दोन दिवस वाळवायची, कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवायची. रेशनचा तांदूळ मुलं रोज खात नाहीत, तर तो दळून ज्वारीच्या पिठात मिसळते. चार भाग ज्वारी, एक भाग तांदूळ. भाकरी मऊ होते आणि ज्वारी पुढे सरते.

उरलेली भाकरी टाकायची नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. मंद तव्यावर, मधेमधे फिरवत, दाबत, दोन्ही बाजूंनी पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजायची. मधोमध बोटाने टकटक केलं की पापडासारखा आवाज यायला हवा. वाफ राहिली तर बुरशी धरते. नीट झालेली कडक भाकरी पंधरा दिवस सहज टिकते. शेंगाची चटणी, नाहीतर पातळ आमटीत कुस्करून. ज्या दिवशी कामाचा ढीग असतो किंवा गॅस संपतो, त्या दिवशी ही भाकरी घर तारते. वडापाव आणायला पळावं लागत नाही.

प्रथिनांसाठी तूरडाळीवरच अडून राहू नका, ती परवडत नाही तेव्हा लोक नुसतं पाणी वाढवतात. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या आसपास. मटकी, हुलगे, हरभरे मोड आणून केले की वाटीभराचं पातेलंभर होतं. मुलांना आठवड्यातून तीनदा तरी अंडं. शेवग्याचा पाला दारात फुकट मिळत असेल तर भाजीत आणि थालीपिठात घालाच.

भाजी बाजार उठताना घ्यावी हे सगळ्यांना ठाऊक आहे. कांद्याचं मात्र सांगते. सोलापूरची बाजार समिती कांद्याची मोठी पेठ, हंगामात गाड्यांची रांग लागते. तिथे मोठ्या कांद्याबरोबर गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी निघते आणि तिचा भाव बराच कमी असतो. सोलायला वेळ जातो, चवीत फरक नाही. दहा किलोची पिशवी तिघींत घेतली तर उचलायलाही सोपी.

गॅस आणि वीज

सिलिंडर आला की आधी वजन. प्रत्येक सिलिंडरवर त्याचं रिकामं वजन रंगवलेलं असतं, समजा १५.८ किलो. त्यात १४.२ किलो गॅस मिळवला की ३० किलो भरले पाहिजेत. आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा, मागितला की काढतात. बिलावरच्या रकमेत घरपोच करण्याचा आकार धरलेला असतो, वरचे पैसे देणं बंधनकारक नाही. जिने चढून आलेल्या माणसाला दहा रुपये द्यावेसे वाटले तर द्या, तो तुमचा मनाचा भाग. पण पन्नास मागितले तर बिल दाखवा.

तांदूळ अर्धा तास, डाळ तासभर, हरभरे रात्रभर भिजवल्याशिवाय चुलीवर चढवू नका. कुकरमध्ये डाळ-भात-बटाटा एकावर एक. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. ज्योत पिवळी दिसली की बर्नर तुंबला आहे, टाचणीने भोकं मोकळी करा, भांडी काळी होणंही थांबतं. एवढ्यावर आमचा सिलिंडर ३४ दिवसांवरून ४३ दिवसांवर गेला. सिलिंडर लावला की दिनदर्शिकेवर तारीख लिहायची, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच. संपायच्या आठ दिवस आधी पैसे बाजूला निघतात.

विजेचं गणित एका आकड्याभोवती फिरतं: महिन्याला १०० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा भाव सगळ्यात कमी, त्यापुढच्या युनिटाचा जवळपास दुप्पट. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, सगळ्या बिलाला नाही. पण ते वरचे वीस-तीस युनिटच झोंबतात. जुना पंखा ७५ वॉटचा असतो. पंधरा तास चालला तर दिवसाला एक युनिटाच्या थोडं वर, महिन्याला ३४ युनिट. एक जुना ६० वॉटचा बल्ब पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट, त्याच उजेडाचा ९ वॉटचा एलईडी दीड युनिटसुद्धा घेत नाही. म्हणून पहिला बदल बल्बचा, तो दोन महिन्यांत फिटतो. पंखा बदलायचाच असेल तेव्हा २८-३० वॉटचा घ्यावा, पण तो महाग असतो, त्यासाठी कर्ज मुळीच काढू नका.

भाड्याच्या खोलीत पोटमीटर असेल तर घरमालक सरसकट एकच दर लावतात. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. आमच्या गल्लीत एकीचे वर्षभर चुकीचे आकडे लावले गेले होते. फोटो दाखवल्यावर घरमालकांनी फरक पुढच्या भाड्यात वळता केला.

आजारपण

सगळी बचत एका रात्रीत जाते ती इथे. साधा ताप-खोकला असेल तर आधी महापालिकेचा दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रांग असते, मान्य. सकाळी आठला नंबर लावला तर अर्धा रोज वाचतो.

सासूबाईंना बीपी आणि साखर दोन्ही आहे. त्यांच्या गोळ्यांना महिन्याला सातशेच्या वर जायचे. डॉक्टरांना विचारलं, “साहेब, गोळीतल्या औषधाचं नाव लिहून देता का?” त्यांनी ॲम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. जनऔषधी केंद्रात त्याच मात्रेच्या गोळ्या दीडशेच्या आत आल्या. गोळ्या बदलल्यावर महिनाभराने साखर आणि बीपी पुन्हा तपासून घेतलं, ते केलंच पाहिजे. स्वतःच्या मनाने मात्रा कमी करणं किंवा एक दिवसाआड घेणं ही काटकसर नाही, तो धोका आहे. आमच्या ओळखीत एका काकांना त्यातून अर्धांगवायू झाला.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा टेबल कुठे आहे ते विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. यादीतल्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं: धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा अधिकारी असतात, त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. फाइल तयार ठेवा म्हटलं ते यासाठीच.

कर्ज

शेकडा पाच हे ऐकायला लहान वाटतं. वर्षाला ते साठ टक्के होतात. दहा हजारांवर महिन्याला पाचशे देत राहिलं की वीस महिन्यांत दहा हजार व्याज जातं आणि मुद्दल तसंच उभं. रोजवसुलीचं कर्ज आणखी महाग पडतं: दहा हजार म्हणून नऊ हजार हातात द्यायचे आणि शंभर दिवस रोज शंभर घ्यायचे. हप्ता रोज जात असल्याने खरी बाकी सरासरीने साडेचार हजारच असते, आणि त्यावर शंभर दिवसांत एक हजार. वर्षाचा हिशेब केला तर ८० टक्क्यांच्या घरात.

सगळी कर्जं एका पानावर लिहा: कोणाचं, किती, शेकडा किती. ज्याचा शेकडा सगळ्यात जास्त, त्याला आधी मोकळं करा, बाकीच्यांना ठरलेला हप्ता. गहाण दागिन्याची मुदत संपत असेल तर मात्र आधी तो. मी मंगळसूत्राची वाटी सावकाराकडून सोडवून बँकेत सोनेतारण ठेवली, व्याज एका फटक्यात खूप खाली आलं. मनाला लागलं, पण त्याच कामाने आमचं ते ५०० रुपयांचं भगदाड बरंचसं बुजलं.

गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपकडे फिरकूही नका, ते आधी तुमच्या फोनमधली नावं मागतात आणि मग त्या नावांना फोन लावतात. परवाना नसलेला सावकार त्रास देत असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज देता येतो. एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघी बरोबर न्या.

वाचलेलं ठेवायचं कुठे

घरात ठेवलेले पैसे घरातच जिरतात. माझ्या मते पहिली जागा बचत गट. दहा ते वीस जणी, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब सगळ्यांसमोर. आम्ही महिन्याला शंभर रुपये टाकतो आणि शेकडा दोनने आपसांत देतो. ते व्याजही वर्षाअखेर आपल्याच वाट्याला येतं. गट नीट सहा महिने चालला की बँक कर्ज देते. गावात राज्याच्या ‘उमेद’ अभियानाची माणसं गट बांधायला मदत करतात. भिशीही चालते, पण ओळखीच्या दहा-बारा जणींची, आणि पैसे ज्या दिवशी जमतात त्याच दिवशी ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या हातात. महिनाभर एकाच माणसाकडे रक्कम साठवणारी भिशी नको.

बँकेत मूळ बचत खातं, म्हणजे शून्य शिलकीचं, मागून घ्या. त्याला किमान शिलकीचा दंड नसतो. मे महिन्यात त्यात ४५६ रुपये राहतील असं बघा: २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघाती विमा, ४३६ रुपयांत जीवन ज्योती विमा योजनेचा दोन लाखांचा जीवन विमा. दोन्ही विम्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं. आणि ते आहेत हे नवरा-बायको दोघांना माहीत असू द्या. नाहीतर माणूस जातो आणि पैसे कोणी मागतच नाही.

बाकीचं थोडक्यात. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, तेव्हा लांबच्या कामाला सासूबाईंना आणि मला पाठवणं परवडतं. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. मार्गदर्शक पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून घ्यावीत. दिवाळीसाठी गुढीपाडव्यापासून आठवड्याला तीस रुपये बाजूला ठेवले तर दिवाळीपर्यंत आठ-नऊशे होतात, आणि फराळापुरती उधारी टळते. आहेराचं आमच्या गटाने ठरवून टाकलं आहे: एकमेकींच्या कार्यात साडी नाही, शंभर रुपये आणि दोन दिवस कामाला हात.

गेल्या वर्षी माग तीन आठवडे बंद राहिले. पहिला आठवडा घरातल्या सामानावर गेला, कारण ते आधीच भरलेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात रेशनचं धान्य, गोल्टी आणि कडक भाकरी. तिसऱ्यात गटातून दोन हजार घेतले आणि वाणीकाकांना सांगितलं, “दोन आठवडे शनिवारचे शंभर थांबवते.” ते म्हणाले, थांबव. कोणाकडेही शेकडा पाचने जावं लागलं नाही. माग सुरू झाल्यावर डबे रिकामे होते, म्हणून पुन्हा पहिल्या आठवड्यात पावकिलो चहापूड आणली आणि रोज दहा रुपये डब्याखाली ठेवायला लागले. या वेळी पूर्ण आठवडा पुढे जायला सात आठवडे लागले.